तळणाचं काम थंडीकडे

दिवाळीच्या फराळाचं ताट एकदा पाण्याच्या हिशेबानं बघावं. चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळे, चिवडा, बेसनाचे लाडू. यातल्या एकाही पदार्थात म्हणावं असं पाणी उरलेलं नसतं. चकलीचं पीठ चांगलं ओलसर भिजवलेलं असतं, पण कढईत सोडल्यावर तिच्याभोवती जे बुडबुडे उसळतात ती त्या ओलाव्याचीच वाफ असते. बुडबुडे मंदावले की चकली झाली, हे कुठल्याही सुगरणीला घड्याळ न बघता कळतं. पाणी गेलं, त्याच्या जागी बऱ्यापैकी तेल शिरलं आणि चकली डब्यात आठवडेच्या आठवडे राहायला मोकळी झाली. पाकातल्या लाडवांची युक्ती वेगळी. तिथे थोडं पाणी असतं, पण साखर ते असं धरून ठेवते की बुरशीला आणि जिवाणूंना ते मिळत नाही. अन्नशास्त्रज्ञ हे ‘उपलब्ध पाणी’ शून्य ते एक अशा पट्टीवर मोजतात. शुद्ध पाण्याचा आकडा १, आणि ०.६च्या खाली गेलेल्या पदार्थावर कुठलीच बुरशी वाढत नाही. खुसखुशीत शंकरपाळे या रेषेच्या बरेच खाली असतात.

म्हणजे फराळातलं तेल आणि साखर नुसती चवीसाठी नव्हती. घरात वीज नव्हती, बर्फ नव्हता, आणि पाहुणे मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत येत राहायचे. टिकवण्याचं काम कढईनं आणि पाकानंच करायचं होतं, आणि त्यांनी ते चोख केलं. आता बऱ्याच घरांत फ्रीज आहे, त्यात बर्फाचा कप्पा आहे, पण तो आला बर्फाच्या ट्रेसाठी आणि आइस्क्रीमच्या डब्यासाठी. वेळेवर हाताशी हवं ते खाणं त्यात करून ठेवावं, असं आपल्या फारसं मनात येत नाही. मधल्या वेळेचं खाणं म्हटलं की आजही हात जातो तो कोरड्या, तळलेल्या, डब्यात राहणाऱ्या जिनसांकडेच. या प्रकरणात मला सांगायचं आहे ते एवढंच, की टिकवण्याचं काम थंडीकडे सोपवलं तर तेल आणि साखर चवीपुरती ठेवता येते.

कारण आपल्या स्वयंपाकघरात तळणाच्या जोडीनं वाफेचंही एक मोठं दालन आहे. अळूवडी, कोथिंबीर वडी, उकडीचे मोदक, कोकणातली फणसाची सांदणं आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या, खानदेशातले डाळीचे फुणके. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, म्हणून त्या दिवशी होणारी पुरणाची दिंडं. यांत डाळी आहेत, पालेभाजी आहे, नारळ आहे, आणि तेल असलंच तर फोडणीपुरतं. अडचण एकच. हे सगळे पदार्थ ओले आहेत आणि पावसाळी हवेत दुसऱ्या दिवशी आंबतात. म्हणून ते करून ठेवायचे पदार्थ कधी झालेच नाहीत; सणाला झाले, त्याच दिवशी संपले. संध्याकाळी पाच वाजता भुकेलं पोर घरी येतं तेव्हा समोर असतो तो फरसाणाचा डबा किंवा बिस्किटांचा पुडा. फ्रीजरचा खरा उपयोग या पाच वाजताच्या भुकेसाठी आहे. म्हणूनच लाडू, चिक्की, खाकरा, भाजलेले मखाणे यांची या प्रकरणात गाठ पडणार नाही. ते चांगलेच आहेत, पण बाहेरच्या डब्यात सुखानं राहतात. त्यांना फ्रीजरमध्ये जागा देणं म्हणजे ओल्या पदार्थाची जागा अडवणं.

पाणी कसं गोठतं

पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये ठेवलेली काचेची बाटली तडकते ती यामुळे, आणि आमरसाच्या डब्यात वर दोन बोटं जागा सोडायची तीही यामुळेच. पण पदार्थाच्या पोताचा प्रश्न फुगण्यापेक्षा बर्फाच्या कणांचा असतो. शून्य ते उणे पाच अंश सेल्सिअस या पट्ट्यात बहुतेक पदार्थांमधलं बरंचसं पाणी गोठतं. हा पट्टा पदार्थानं झटकन ओलांडला तर बर्फाचे असंख्य बारीक कण होतात. रेंगाळत ओलांडला तर थोडेच, पण मोठे आणि टोकदार कण तयार होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि पदार्थ वितळला की त्याचं पाणी सुटून तो लिबलिबीत होतो.

ही गोष्ट ज्यानं उद्योगाला शिकवली तो क्लॅरेन्स बर्ड्सआय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला निसर्गाभ्यासक होता. १९१२ पासून काही वर्षं तो कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावर, लॅब्राडोरमध्ये, फरच्या व्यापारासाठी राहिला. तिथले इनुइट लोक भर हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून मासे काढत. उणे ४० अंशांच्या बोचऱ्या वाऱ्यात तो मासा बघता बघता गोठून जाई आणि काही महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. थंडी सौम्य असताना गोठलेल्या माशाला मात्र ती चव नसे. फरक माशात नव्हता, गोठण्याच्या वेगात होता. अमेरिकेत परतल्यावर बर्ड्सआयनं मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर या मासेमारीच्या गावी दोन थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये पदार्थ दाबून गोठवण्याचं यंत्र बसवलं, आणि मार्च १९३० मध्ये त्याच राज्यातल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या दुकानांत गोठवलेले मटार, पालक, फळं, मासे विक्रीला आले. इनुइट लोकांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं, हे या इतिहासात ठळकपणे सांगायला हवं.

आपल्या घरात लॅब्राडोरचा वारा नाही. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांची, घरगुती यंत्रात जवळजवळ संथ अशी हवा असते. (उणे १८ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो फॅरनहाइटच्या शून्याचा जवळचा सेल्सिअस अवतार आहे.) तेव्हा वेग वाढवायला आपल्या हाती उरतात दोन गोष्टी, पदार्थाची जाडी आणि त्याच्याखालचा धातू. जाडी दुप्पट झाली की गोठायला लागणारा वेळ दुपटीहून जास्त वाढतो, कारण आतली उष्णता बाहेर यायला लांबची वाट चालते. म्हणून डब्यात थरावर थर रचून कधीच गोठवू नये. ॲल्युमिनियमचं किंवा स्टीलचं पसरट ताट आधीच फ्रीजरमध्ये गार करून ठेवावं, त्यावर बटर पेपर घालून पदार्थ एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत, आणि कडक झाले की मग पिशवीत किंवा डब्यात भरावेत. असे सुटे गोठलेले पदार्थ हवे तेवढेच चार-सहा काढता येतात, हा दुसरा फायदा.

फ्रीजबद्दल एक खुलासा इथेच करायला हवा, कारण त्यावाचून पुढचं सगळं फसू शकतं. काही फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर चांदण्या छापलेल्या असतात. वीज बचतीच्या लेबलावरच्या चांदण्यांशी त्यांचा संबंध नाही. कप्प्यावरची एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथी चांदणी सांगते की हा कप्पा नुसता गोठलेलं सांभाळत नाही, ताजा पदार्थ नव्यानं गोठवूही शकतो. एकाच दाराच्या फ्रीजमध्ये मुख्य दाराच्या आत जो छोटा झडपेचा कप्पा असतो, तो अनेकदा उणे १८ पर्यंत पोचतच नाही. तिथे ठेवलेल्या वड्या आठवडा-दोन आठवड्यांत संपवाव्यात. स्वतंत्र दाराचा फ्रीजर असेल तर महिन्यांचा विचार करता येतो. शंका असेल तर फ्रीजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणावा.

मोदक, जवळून

तांदळाच्या उकडीत घडतं ते समजलं की वाफवलेल्या अर्ध्या पदार्थांचं कोडं सुटतं. पिठी उकळत्या पाण्यात पडते तेव्हा स्टार्चचे घट्ट कण पाणी पिऊन फुगतात, उलगडतात, आणि उकड मऊ, लवचीक होते. म्हणूनच तिची पारी कडेनं पातळ करून कळ्या पाडता येतात. पण ही अवस्था स्टार्चला फार काळ आवडत नाही. गार होताना त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना धरू लागतात, मधलं पाणी बाहेर ढकलतात, आणि पारी वातड होते. शिळा भात कडक होतो, पाव शिळा होतो, तेही याच ओढीनं. आणि ही ओढ सर्वांत जोरात चालते ती फ्रीजच्या तापमानाला, म्हणजे चार अंशांच्या आसपास. मोदक फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवणं हे त्यांना ओट्यावर ठेवण्यापेक्षाही पारीला जास्त मारक. उणे १८ला मात्र साखळ्यांची हालचाल जवळजवळ थांबते. तेव्हा मोदकाला फ्रीज दाखवायचाच नाही. वाफेतून पंख्याखाली आणि पंख्याखालून थेट फ्रीजरमध्ये.

करताना मी हे क्रमानं करते. मोदक नेहमीसारखे वाफवून घ्यायचे, पण वाफ दोन-तीन मिनिटं कमी द्यायची. मोदकपात्रातून काढून पसरट ताटात सुटे ठेवायचे, एकमेकांना खेटून नाही. हाताला गार लागले की बोटाला तूप लावून कळ्यांवरून हलकेच फिरवायचं. फ्रीजरची कोरडी हवा सगळ्यात आधी कळ्यांच्या पातळ कडा सुकवते आणि चीर पडते ती तिथूनच. मग ताट प्लास्टिकच्या कागदानं झाकून फ्रीजरमध्ये. कडक झाले की डब्यात एका थरात भरून झाकण घट्ट. खायच्या वेळी बाहेर काढून वितळवायचे नाहीत. पाणी खळखळ उकळल्यावर गोठलेले मोदकच चाळणीवर ओल्या फडक्यात ठेवून साधारण पंधरा मिनिटं वाफ द्यायची. साठ अंशांच्या वर गेलं की पारीतल्या त्या जुळलेल्या साखळ्यांपैकी बऱ्याचशा पुन्हा सुटतात, आणि वाफेचं पाणी त्यांना परत मिळतं. मायक्रोवेव्ह उष्णता देतो, पण उलट पाणी घालवतो. त्यात गरम केलेल्या मोदकाची पारी कडेला चामट होते.

नैवेद्याचा प्रश्न बऱ्याच घरांत येतो. देवापुढे त्या दिवशीचंच ताजं हवं, ही भावना मोडायचं काही कारण नाही. तिथे फक्त सारण आधी करून गोठवावं. ओलं खोबरं, गूळ, वेलची, खसखस असं शिजवलेलं सारण फ्रीजरमध्ये अगदी उत्तम राहतं, आणि चतुर्थीच्या सकाळी फक्त उकड आणि हात चालवायचा उरतो. आदल्या रात्री सारण फ्रीजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवलं की झालं. पुरणाचंही तसंच. एका पोळीला किंवा एका दिंडाला लागेल एवढे गोळे करून गोठवले की सणाच्या दिवशीचं निम्मं काम झालेलं असतं. परदेशी लेकीकडे बाळंतपणाला गेलेल्या कितीतरी आया परतीच्या आधी फ्रीजर भरून येतात, त्यात हे गोळे आणि अळूवडीचे उंडे असतातच.

अळूवडीचा उंडा अखंड गोठवावा की काप करून, यावर दोन मतं आहेत. अखंड उंड्याची कापलेली बाजू कमी, त्यामुळे तो कमी सुकतो, हे खरं. पण तो जाड असतो, सावकाश गोठतो, आणि कापण्यासाठी आधी वितळवावा लागतो. मी कापांच्या बाजूनं आहे. उंडा वाफवून पूर्ण गार झाला की अर्ध्या इंचाचे काप, ताटात पसरून गोठवलेले, ते थेट तव्यावर जातात. तव्यात चमचाभर तेल, मोहरी, तीळ, आणि मंद आचेवर झाकण ठेवून दोन्ही बाजू खरपूस. गोठलेले काप कढईतल्या गरम तेलात टाकण्याच्या फंदात पडूच नये. वर चिकटलेल्या बर्फाचं पाणी वाफ होताना त्याच्या आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक फुगतं आणि तेल उसळून अंगावर येतं. दुसरी सूचना कागदाची. अळूवडीत चिंच असते, ती घातल्याशिवाय पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण घशाला खाजतात. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या फॉइलला खातो, म्हणून वड्यांना आधी बटर पेपर, मग वरून हवं तर फॉइल.

कोथिंबीर वडी, फुणके, मेथीचे मुटके, इडली, सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो. थालीपिठं दोन्ही बाजूंनी अर्धवट भाजून, मध्ये कागद घालून ठेवावीत. भाजणीतली धान्यं आणि डाळी आधीच भाजलेली असल्यामुळे त्यांचा खमंगपणा महिना-दोन महिने फारसा उतरत नाही. वाटलेल्या डाळीच्या पदार्थांत मला एक जास्तीचा फायदा दिसतो. मुगाच्या फुणक्यात पालक, गाजर, दुधी काहीही किसून घाला. फ्रीजरमधून तो तव्यावर येईपर्यंत भाजी आहे की नाही याची चर्चा मुलं करत नाहीत.

थंडी मारत नाही

गोठवण्यानं बहुतेक जिवाणू मरत नाहीत. ते थांबतात. पदार्थ वितळला की जिथे होते तिथून पुन्हा वाढू लागतात. म्हणून फ्रीजरमध्ये जाण्याआधीचे दोन तास आणि बाहेर आल्यावरची वेळ यांनाच सगळं महत्त्व आहे. भातात आणि तांदळाच्या पदार्थांत बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. शिजवून ते मरत नाहीत, आणि कोमट पदार्थ ओट्यावर रेंगाळला की ते उगवून विष तयार करतात. हे विष नंतर पुन्हा उकळलं तरी जात नाही. पाच ते साठ अंशांचा पट्टा जिवाणूंच्या वाढीचा, आणि आपल्या उन्हाळी स्वयंपाकघरात हवाच पस्तीस अंशांची असते. तेव्हा वाफवलेलं काहीही पातेल्यात झाकून ‘सावकाश निवू दे’ म्हणून सोडू नये. पसरट ताटात, पंख्याखाली निववावं. बत्तीस अंशांवरच्या हवेत तासाभरात आणि एरवी दोन तासांच्या आत ते थंडीत गेलं पाहिजे. वाफाळतं पातेलं थेट फ्रीजरमध्ये ढकलणंही चुकीचं, कारण त्याच्या उष्णतेनं शेजारचे गोठलेले पदार्थ अर्धवट वितळतात आणि पुन्हा गोठताना त्यांच्यातले बर्फाचे कण मोठे होतात.

वीज जाणाऱ्या गावांत लोक फ्रीजरवर विश्वास ठेवत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. पण दार उघडलं नाही तर गच्च भरलेला स्वतंत्र फ्रीजर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास गोठलेला राहतो. फ्रीजच्या आतल्या लहान कप्प्यावर एवढा भरवसा ठेवू नये. गावाला जाऊन आल्यावर मागे काय झालं ते कळायला एक सोपी खूण ठेवता येते. छोट्या वाटीत पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवून जायचं. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक; तळाशी गेलेलं असेल तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, आणि कप्प्यातलं ओलं सामान टाकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी.

भाज्यांचं थोडक्यात सांगते. कच्चे मटार तसेच गोठवले तर महिन्याभरात त्यांना वाळलेल्या गवतासारखा वास येऊ लागतो, कारण त्यांच्यातली विकरं थंडीतही हळूहळू काम करत राहतात. उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, फडक्यावर कोरडे करून मग ताटात. मक्याची कणसं आख्खी चार मिनिटं उकळून मग दाणे सोलावेत. हुरडा भाजलेला असेल तर आगटीतल्या आचेनं हे काम बरंचसं झालेलंच असतं. त्याचे हातावर मळून पाखडलेले दाणे गोठवून ठेवले की मार्चमध्येही हुरड्याची थालीपिठं होतात.

गोडाची अडचण

गोड पदार्थांत थंडी आपल्याला सहज साथ देत नाही. दोन कारणांसाठी. पहिलं जिभेचं: थंड पदार्थात गोडी कमी कळते, कारण जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशींची यंत्रणाच थंडीत मंदावते. वितळलेलं आइस्क्रीम नको इतकं गोड लागतं ते यामुळे. दुसरं कारण पाण्याचं. हातानं फिरवायच्या पॉटच्या आइस्क्रीमला बाहेरच्या बर्फात मीठ घालतात, कारण मिठानं बर्फाचा वितळणबिंदू खाली जातो आणि मिठा-बर्फाचं मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. साखर तेच काम आतल्या दुधात करते. तिच्यामुळे उणे १८लाही थोडं पाणी न गोठता राहतं, आणि म्हणून चमचा आत जातो. साखर काढून टाकली की कुल्फीचा दगड होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा म्हणजे वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस मिळून रोजच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या आत. दोन हजार उष्मांकांना हे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. गुळाला यात सूट नाही, हे आपल्याकडे आवर्जून सांगावं लागतं. गुळाची कुल्फी साखरेच्या कुल्फीइतकीच जपून खायची.

मग साखर कमी करून पोत सांभाळायचा कसा? पाणी अडवून ठेवणारं दुसरं काहीतरी घालून. फळाचा गर हे काम छान करतो, कारण त्यात पेक्टिन आणि तंतू असतात. काजूची किंवा शेंगदाण्याची पूड, आटवलेलं दूध, थोडं पीठ हेही करतात. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या गोठवून मिक्सरमधून फिरवल्या की साखरेचा कण न घालता दाट, लोण्यासारखं आइस्क्रीम होतं. त्यात एक चमचा कोको किंवा शेंगदाण्याचं कूट घालून बघावं. वेलची केळी यासाठी विशेष चांगली, कारण ती मुळातच घट्ट आणि गोड.

पण या कामातला खरा राजा सीताफळ आहे, आणि ते गोठवून ठेवण्याला पर्यायही नाही. त्याचा गर आटवायला गेलं तर साठ अंशांच्या आसपासच कडवट होऊ लागतो, म्हणून जॅम, मुरांबा असे टिकाऊ प्रकार त्याचे होत नाहीत. पुरंदरच्या किंवा बीडकडच्या सीताफळांचा हंगाम जोरात असताना, पूर्ण पिकलेल्या फळांचा गर चाळणीवर हातानं घासून काढावा. बिया मिक्सरमध्ये कधीही फिरवू नयेत. त्यांच्या आतला गर विषारी असतो, किडे मारायला तो वापरतात. गरात लिंबाच्या रसाचे काही थेंब मिसळावेत म्हणजे तो काळा पडत नाही. पिशवीत बोटभर जाडीचा सपाट थर करून हवा काढून गोठवावा. खायच्या आधी दहा मिनिटं बाहेर ठेवून तुकडे मिक्सरमध्ये एकदाच फिरवले, की वर काहीही न घालता वाटीभर खाऊ तयार. फळात साखर असतेच, पण तिच्यासोबत तंतूही येतात.

नाचणीची कुल्फीही करून बघण्यासारखी. अर्धा लिटर दुधात दोन मोठे चमचे मोड काढलेल्या नाचणीचं वस्त्रगाळ पीठ कालवून शिजवावं, पाच-सहा भिजवलेल्या खजुरांची पेस्ट, काजूची पूड आणि वेलची घालावी, गार करून साच्यात भरावं. शिजलेलं पीठ पाणी धरून ठेवतं आणि बर्फ कचकचत नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण ते बरंचसं सालीत, त्यामुळे गाळलेल्या सत्त्वापेक्षा पीठ बरं. अर्थात दोन चमच्यांत ते सत्तर-एक मिलिग्रॅमच येणार. या कुल्फीतलं बाकीचं कॅल्शियम दुधाचं आहे. साचा पातळ निवडावा आणि काढल्यावर दहा मिनिटं थांबून खावी, म्हणजे कमी गोडीही जिभेला पुरते.

आमरसात दूध-पाणी घालू नये आणि मिक्सर फार फिरवू नये, हवा मिसळून वास उडतो. एका जेवणापुरत्या पिशव्या कराव्यात. श्रीखंड साखरेमुळे आणि चक्क्यातल्या स्निग्धांशामुळे बरं गोठतं, साधं दही मात्र फाटतं. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी रवाळ होतात, पण कुस्करलेला बटाटा सारणात चालतो. काकडी, टोमॅटोच्या चकत्या, उकडलेली अंडी, भिजवलेले पोहे यांना फ्रीजर मानवत नाही.

तारीख आणि पाळी

चांगल्या करून ठेवलेल्या वड्या वाया जातात त्या बहुतेक विसरल्यामुळे. गोठलेला पदार्थ नीट झाकलेला नसेल तर त्यातला बर्फ थेट वाफ होऊन उडत राहतो आणि वर पांढुरके, कोरडे डाग पडतात. खाऊन अपाय होत नाही, पण तो भाग चिवट आणि बेचव होतो. पिशवीतली हवा काढणं हा एक उपाय आणि वेळेत संपवणं हा दुसरा. वाफवलेल्या वड्या, मोदक, थालीपिठं दोन-तीन महिन्यांत. मटार, मका आणि फळांचे गर आठ महिन्यांपासून वर्षापर्यंत. डब्यावर कागदी पट्टी चिकटवून नाव, तारीख आणि ‘वाफ १५ मि.’ किंवा ‘तवा, झाकण’ एवढं लिहिलं की घरातलं कुणीही, अगदी सातवीतलं पोरसुद्धा मोठ्यांच्या देखरेखीखाली, स्वतःचं खाणं गरम करू शकतं. हे काम एकाच माणसाच्या डोक्यात राहिलं तर फ्रीजर भरलेला असूनही बाकीचे बिस्किटंच खातात.

आणि गर-दाण्यांसाठी पंचांग हंगामाचं लावावं. जानेवारीत मटार आणि हुरडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, मेमध्ये आमरस, जूनमध्ये जांभूळ, श्रावणात मका, दसरा-दिवाळीच्या सुमारास सीताफळ. नवं येण्याआधी मागचं संपलेलं असावं. मागच्या मे महिन्यातली आमरसाची शेवटची पिशवी अक्षय्य तृतीयेच्या आत फोडावी, आणि त्या जागी ताट गार करायला ठेवावं.